मेजर आले की चालू होतं

मी फौजेतून निवृत्त झालो तो हवालदार म्हणून. पण साताऱ्यात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजर असतो. तो तिथं भटारखान्यात होता की तोफेवर, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. सुरुवातीला वर्षभर मी लोकांना दुरुस्त करत हिंडलो. "मेजर नाही हो, हवालदार," असं म्हटलं की समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, मेजर." शेवटी मी हार मानली. फोन उचलून मीच "मेजर बोलतोय" म्हणायला लागलो, आणि त्या दिवसापासून गिऱ्हाइकं वाढली.

फौजेत मी सिग्नलला होतो. म्हणजे तारा ओढायच्या, खांबावर चढायचं, वायरलेसचे संच पाठीवर वागवायचे. साताऱ्यात येऊन तेच काम पुढं चालू ठेवलं. ऑफिसं, शाळा, दूध केंद्रं, दवाखाने. जिथं दोनपेक्षा जास्त कॉम्प्युटर असतील तिथं ते एकमेकांना जोडून द्यायचे. वीस-बावीस वर्षं केलं. माझी बायको अजूनही पाहुण्यांना सांगते, "आमचं हे वायरी वढत्यात." त्यात खोटं काही नाही, पण दर वेळी माझा चहा कडू होतो.

वायरी ओढणं सोपं आहे. त्या कुठून कुठं ओढायच्या हे ठरवणं अवघड. त्याला आमच्या धंद्यात नेटवर्कचं आर्किटेक्चर म्हणतात. त्याच्या शेजारीच सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर नावाचं दुसरं प्रकरण नांदत असतं. नावं सारखी असल्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही एकच वाटतात आणि शिव्या जो आधी हाताला लागेल त्याला बसतात. म्हणून फरक आधी सांगून टाकतो.

एखाद्या दवाखान्याची इमारत डोळ्यासमोर आणा. बोळ किती रुंद, जिना कुठं, कुठलं दार कुठं उघडतं, एक दार बंद असलं तर दुसऱ्या वाटेनं जाता येतं का, हे झालं नेटवर्क. आता त्याच इमारतीत पेशंटनं केसपेपर कुठं काढायचा, तो कागद आधी नर्सकडे जाणार की डॉक्टरांकडे, औषधाच्या खिडकीवर काय दाखवायचं, आणि लॅबवाला जेवायला गेला तर सगळा दवाखाना थांबणार का, हे झालं सॉफ्टवेअर. बोळ शंभर फूट रुंद असला आणि एका गोळीसाठी सात खिडक्या फिराव्या लागल्या, तर गर्दी होणारच. उलट खिडक्यांची व्यवस्था झकास, पण जिन्याला कुलूप, तरीही गर्दीच. बाकावर बसलेल्या पेशंटला मात्र दोन्ही वेळेला एवढंच कळतं की आपला नंबर येत नाही.

आणि नंबर आला नाही की आम्ही एकमेकांकडे बोट दाखवतो. सॉफ्टवेअरवाला म्हणतो नेटवर्क, नेटवर्कवाला म्हणतो सॉफ्टवेअर. या खेळात मी फार तरबेज होतो.

फलटणला एकदा आपटलो होतो, ते सांगायला हरकत नाही. एका दूध संकलन केंद्राच्या पत्र्यावर मी अँटेना बसवला आणि अर्ध्या मैलावर त्यांच्या ऑफिसच्या खांबावर दुसरा. मे महिन्यात लाइन अशी धावली की मी स्वतःवरच खूश. दिवाळीला लाइन मेली. तीन दिवस मी तिथल्या सॉफ्टवेअरवाल्याला झापलं. चौथ्या दिवशी पत्र्यावर चढून बघतो तर समोरचा खांबच दिसेना. मे महिन्यात मधल्या रानात गुडघ्याएवढा ऊस होता, तो आता पत्र्याच्याही वर गेला होता, आणि हिरव्या ओल्या पाल्यातून आमच्या लहरी जात नाहीत. ऊसवाल्याला विचारलं, तोडणी कधी? तो म्हणाला, "टोळी आली की." मग मीच खांब वाढवला. उसाच्या रानात वाढलेला माणूस ऊस वाढतो हे विसरला होता. तरीही मला अक्कल आली नाही, हे पुढं कळेलच.

साताऱ्यात एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तीन मजले, तीसेक कॉम्प्युटर, आणि सगळ्यांची माहिती जिथं साठते तो एक मोठा, म्हणजे सर्व्हर. तारा माझ्या आणि सॉफ्टवेअर अश्विनी कांबळेचं. अश्विनी सांगलीची. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती घरी परत आली होती आणि दवाखान्यांसाठी स्वतःच सॉफ्टवेअर लिहीत होती. हा तिचा पहिलाच मोठा दवाखाना. वय तिशीच्या आसपास आणि बोलणं तोंडावर. पहिल्याच दिवशी माझ्या तारा बघून म्हणाली, "काका, लय देखणं काम हाय." मी तिथल्या तिथं तिला हुशार ठरवून टाकलं.

काम देखणं होतंच. फौजेत चादरीची घडी बोटभर चुकली तर मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे. ती सगळी शिस्त मी तारांवर काढली. प्रत्येक तार सरळ, वीतवीतभर अंतरावर प्लास्टिकची पट्टी, टोकाला नंबर. पहिल्या मजल्यावर भिंतीत एक कपाट होतं आणि त्यात स्विच. हा स्विच दिव्याचा नव्हे. सगळ्या तारा ज्यात येऊन मिळतात तो चपटा डबा. एका तारेतून आलेला निरोप पुढं कुठल्या तारेत सोडायचा हे तो बघतो.

त्याच आठवड्यात दवाखान्यानं त्या मजल्यावर नवा शिपाई नेमला. बापू, मेढ्याकडचा, फौजेतून नाईक म्हणून आलेला. म्हणजे खरं तर तोही मेजरच, पण मी आधीचा असल्यानं तो मला मेजर म्हणायचा आणि मी त्याला बापू. फौजी माणूस बघून मला भरतं आलं. मी त्याला कपाटासमोर उभं केलं.

"बापू, हे कपाट तुझ्या ताब्यात. हितली एक वायर लोंबकळताना दिसता कामा नये."

"दिसायची न्हाई, मेजर," बापू म्हणाला आणि त्यानं टाच जुळवली.

त्या स्विचमधून मी एक तार जादाची बाहेर काढून ठेवली होती. बाहेरगावचे डॉक्टर रोज सकाळी नऊ ते एक शेजारच्या खोलीत बसायचे. त्यांच्या लॅपटॉपसाठी ती तार. ही तार तेवढी लक्षात ठेवा.

सोमवारी अश्विनीचं सॉफ्टवेअर चालू झालं. सकाळ झकास गेली. दुपारी एकनंतर सगळे कॉम्प्युटर एकदम गप्प. नाव घेईनात, रिपोर्ट दाखवीनात. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. सकाळी नऊला पुन्हा आपोआप ठणठणीत. सिस्टर म्हणायला लागल्या की सॉफ्टवेअर जेवून झोपतं. दुपारचे पेशंट परत वहीवर आले, आणि लॅबचा कागद घेऊन माणसं जिने चढायला-उतरायला लागली.

ट्रस्टच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. मी स्कूटरवरून गेलो. माझी स्कूटर अशी आहे की ती यायच्या आधी तिचा आवाज येतो. पहिल्या मजल्यावर पोचलो तर कपाट उघडं, बापू ताठ उभा, आणि त्याच्या हातात ती जादाची तार.

"मेजर, वायर तयार."

मी तार लॅपटॉपला लावली आणि प्रत्येक कॉम्प्युटरला हाक मारली. आमच्यात हाक मारून ओ येते का बघतात. तीसच्या तीस ओ आल्या. खालून आरोळीही आली, "आलं! चालू झालं!" मी चहा घेतला, चार लोकांना उपदेश केला आणि घरी आलो. घरी टेकतोय तोवर फोन. पुन्हा बंद.

दोन आठवड्यांत असं सहा-सात वेळा झालं. 'मेजर आले की चालू होतं' हे दवाखान्यात सगळ्यांच्या तोंडी झालं. एक सिस्टर तर म्हणाल्या, "मेजर, तुमचा पायगुण हाय. रोज दुपारी येऊन बसत चला की." खोटं कशाला बोलू, मला हे फार आवडत होतं. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग वायरी कशाला वढल्या? नुसतं जाऊन बसायचं."

अश्विनी तीनदा सांगलीहून पहिल्या गाडीनं आली. खाली नोंदणीच्या काउंटरवर बसून राहायची. तिच्या डोळ्यांदेखत लाइन पडायची, मला फोन जायचा, मी आलो की उठायची. तिसऱ्या वेळी तिनं मला जिन्यात गाठलं.

"काका, तुमी आला की चालतंय, तुमी गेला की पडतंय. मी काय समजायचं?"

"माझं चालतंय, असं समजायचं."

"माझं सॉफ्टवेअर सर्व्हरला हाक मारतंय काका, पण उत्तर येत न्हाई. वर एकदा मी लॅपटॉप लावून बघू का?"

"कपाटाला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "ते माझं आहे. तू तुझं बघ."

तिनं बॅग उचलली आणि स्टँडवर गेली.

सेक्रेटरींनी लेखी मागितलं. मी माझ्या कागदावर ठसठशीत अक्षरात लिहून दिलं: नेटवर्क तपासले, कोणताही दोष आढळला नाही. खाली सही, सहीखाली शिक्का. त्यावर सेक्रेटरींनी शनिवारी तीनला बैठक लावली. विषय एकच, हे सॉफ्टवेअर काढून टाकायचं. अश्विनीचा फोन आला. आवाज चढवला नाही तिनं. "काका, हितनं काढलं तर सांगली-साताऱ्यात कुठला दवाखाना मला दारात उभं करणार न्हाई. परत पुण्याला जावं लागंल. तुमी एकदा नीट बघा की."

मी म्हणालो, "बघू." हा 'बघू' मला अजूनही टोचतो, कारण मी काहीही बघणार नव्हतो.

शनिवारी स्कूटर पंक्चर होती. रिक्षा केली. दवाखान्यासमोर पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणलेला, म्हणून रिक्षावाल्यानं मागच्या दाराशी सोडलं. अडीच वाजले होते. मागच्या जिन्यानं मी पहिल्या मजल्यावर आलो. बापू पुढच्या खिडकीत माझ्याकडे पाठ करून उभा होता, रस्त्याकडे डोळे लावून. माझ्या स्कूटरची वाट बघत.

कपाटाचं दार किलकिलं होतं. आत नजर गेली आणि पाय तिथंच थांबले. स्विचवर प्रत्येक तारेचा एक दिवा असतो. एरवी एक इथं लुकलुकतो, एक तिथं. आता गणपतीच्या मांडवावरच्या माळेसारखे सगळेच्या सगळे एकदम लखलखत होते. मी जादाच्या तारेवर बोट ठेवलं आणि बोट पुढं सरकवत गेलो. तार पाचव्या पोर्टमधून, म्हणजे डब्याच्या पाचव्या भोकातून, बाहेर आली, तिनं सुरेख गोल वळण घेतलं आणि सहाव्या पोर्टमध्ये आत गेली. वळणावर प्लास्टिकची पट्टीसुद्धा होती. माझ्यापेक्षा चांगलं काम होतं.

धंद्यातला माणूस हे वाचून कपाळाला हात लावेल. बाकीच्यांसाठी सांगतो. तारेची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की डब्यानं बाहेर सोडलेला निरोप त्याच्याच दुसऱ्या पोर्टातून परत येतो. डब्याला वाटतं नवा आला. तो पुन्हा सगळ्यांना सोडतो, तो पुन्हा परत येतो. एका क्षणात एवढे निरोप गरगरायला लागतात की खऱ्या पेशंटच्या नावाला बोळात शिरायला जागा उरत नाही.

बापूनं मागं वळून बघितलं. "आवं मेजर! आज गाडीचा आवाज कसा न्हाई आला?" तो धावत आला, पट्टी सोडून त्यानं तार खस्सकन उपसली आणि माझ्यापुढं धरली. "वायर तयार."

दिवे शांत झाले. खालून आरोळी आली, "आलं! मेजर आलं वाटतं!"

मी स्टुलावर बसलो.

"बापू, ही वायर हितं कवापासनं लावतोयस?"

"पैल्या दिसापासनं. डॉक्टर गेलं की ती लोंबकळती. तुमीच म्हणला न्हवं, लोंबकळाय न्हाई पायजे. शेजारी भोक रिकामं हुतं, दिली बसवून."

"आणि मी आलो की?"

"तुमाला लागती की ती. आवाज आला की काढून धरतो, तुमी गेला की परत बसवतो. सकाळी डॉक्टरांनाबी तसंच." बापूची छाती पुढं आली. "एक दिस चुकलो न्हाई, मेजर."

म्हणजे सॉफ्टवेअर जेवून झोपत नव्हतं. डॉक्टर जेवायला जात होते आणि बापू माझा हुकूम पाळत होता. आणि मी आलो की लाइन उठायची, कारण तिला पाडणारी तार मीच माझ्या लॅपटॉपला लावून बसत होतो. पायगुण तो हा.

बैठकीला वीस मिनिटं होती. आता जे लिहितोय ते बायकोलाही सांगितलेलं नाही. मला पहिल्यांदा काय सुचलं, तर तार गुपचूप बॅगेत टाकावी आणि घरी न्यावी. कुणाला काही कळणार नव्हतं. अश्विनीचं सॉफ्टवेअर आज निघालं असतं, उद्यापासून लाइन पडायची थांबली असती, आणि मेजर बरोबर होते असं सगळा सातारा म्हणाला असता. दुसरं सुचलं ते बापूवर ढकलायचं. हे दोन्ही विचार माझ्या डोक्यात चांगले पाच मिनिटं होते. तेवढ्यात बापू म्हणाला, "मेजर, घाम आलाय तुमाला. चा सांगू का?" मला माझीच शरम वाटली.

"चा नको. तू हितंच थांब. मी फोनवर 'बसव' म्हणलं की वायर तुझ्या जागी बसवायची. 'काढ' म्हणलं की काढायची."

बैठकीत सेक्रेटरी, दोन ट्रस्टी आणि अश्विनी. तिनं बॅग मांडीवर घट्ट धरली होती. सेक्रेटरींनी माझं पत्र वाचायला घेतलं.

"साहेब, ते पत्र फाडून टाका," मी म्हणालो. "दोष माझा आहे. दाखवतो."

टेबलावरच्या कॉम्प्युटरवर अश्विनीला सॉफ्टवेअर उघडायला सांगितलं आणि बापूला फोन लावला. "बसव." दहा आकडे मोजायच्या आत पडदा थिजला. "काढ." पडदा चालू. पुन्हा बसव, पुन्हा काढ. त्यातले थोरले ट्रस्टी, वय ऐंशीच्या घरात, पुढं सरसावले. "बघू, द्या इकडं फोन." आणि ते रंगात येऊन बापूला हुकूम सोडायला लागले. चौथ्या 'बसव'ला काउंटरच्या सिस्टर धापा टाकत दारात आल्या, "वर कोण खेळतंय हो? खाली माणसं खोळंबल्यात!"

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे घोळ बापूनं घातला."

"नाही. हुकूम माझा होता, त्यानं पाळला. कारण मी सांगितलं नव्हतं. आणि असं झालेलं ओळखून ते पोर्ट बंद करणारे स्विच मिळतात. मी साधा बसवला. माझ्या कामात असं होणार नाही, असं मला वाटलं. ही पोरगी कपाट बघू का म्हणाली, तर मी हात लावू दिला नाही."

अश्विनीनं मांडीवरची बॅग खाली ठेवली. आता ही मला सोलणार, आणि तिचा हक्कच होता. पण ती सेक्रेटरींना म्हणाली, "साहेब, माझंबी चुकलंय. लाइन कवा ना कवा जाणार, हे मी धरायलाच पायजे हुतं. लाइन गेली तरी काउंटरच्या कॉम्प्युटरनं पेशंटचं नाव स्वतःजवळ ठेवून नंबर द्यायला पायजे, आणि लाइन आली की पुढं पाठवायला पायजे. मी सगळं सर्व्हरच्या भरवशावर टाकलं."

"तुझं काय चुकलं? वायर माझी," मी म्हणालो.

"काका, पण पेशंट माझ्या खिडकीवर खोळंबला."

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. "आवं, आजवर चूक कुणाची म्हणून भांडत होता, आता चूक माझी म्हणून भांडताय. दिवाळीपर्यंत दोघांनी आपापलं नीट करा."

सॉफ्टवेअर राहिलं. बाहेर जिन्यात मी अश्विनीला "चुकलं माझं" म्हणालो. फौजेत हे वाक्य शिकवत नाहीत, त्यामुळे जरा अडखळत म्हणालो. ती म्हणाली, "चला, आता दावा तुमचं कपाट." मी दाखवलं, आणि आज मागच्या दारानं आलो म्हणूनच सगळं कळलं, हेही सांगितलं. तिनं अर्ध्या तासात मला दोन गोष्टी शिकवल्या आणि मी तिला एक. ती सांगलीला गेली तेव्हा माझ्या डोक्यात तो फरक पहिल्यांदा नीट बसला. माणसं तारांना हात लावणारच, हे धरून मी बांधायचं. मेजरची लाइन पडणारच, हे धरून तिनं लिहायचं.

बापूला मी सगळं समजावून सांगितलं. तो गंभीर झाला. "म्हंजे मेजर, लोंबकळू द्यायची?" एवढं दुःख मी त्याच्या चेहऱ्यावर कधी बघितलं नव्हतं. शेवटी आम्ही भिंतीत एक खुंटी ठोकली. डॉक्टर गेले की तो तारेचं वेटोळं करून तिथं टांगतो.

आता गुडघे शिडीवर चढू देत नाहीत, मी काम बंद केलंय. मागच्या महिन्यात बीपी तपासायला त्याच दवाखान्यात गेलो. काउंटरवर नवी मुलगी होती, मला ओळखत नव्हती. मी नाव सांगायला लागलो आणि मागचे दोन कॉम्प्युटर थिजले. मला लगेच कळलं. हात आपोआप खिशाकडे गेला, जिथं पूर्वी पक्कड असायची आणि आता फक्त चष्मा असतो.

"लाइन गेली ना?"

"गेली तर जाऊ द्या, आजोबा. तुमचं नाव घेतलंय." तिनं चिठ्ठी फाडून हातात दिली. नंबर बारा.

मी वाकून पडदा बघितला. वर लाल पट्टीत लिहिलं होतं: लाइन गेली आहे. काम चालू ठेवा. मेजरांना बोलवा. मागच्या दाराने आणा.

मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "हे मेजर कोण?"

"काय म्हायती. सॉफ्टवेअरवाल्या मॅडमनी घालून ठिवलंय. आमी काय कुणाला बोलवत न्हाई, काम हुतंय की."

"असंल कुणीतरी," मी म्हणालो आणि बाकावर जाऊन बसलो. लाइन गेलेली आणि मी बसून, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

लाइन अजून आली नव्हती. माझा नंबर आला.